बावीस हजाराचा कपाटात, दीडशेचा खिशात

प्रश्न काय होता ते आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे मध्येच वाचायला घेतलेल्याला पण कळेल. पोरगा मूळचा साताऱ्याचा, नोकरीला पुण्यात, सहा-सात वर्षांपासून घडीच्या चाकूंचा नाद. सुरुवातीला एक लाकडी मुठीचा ओपिनेल, एक लाल व्हिक्टोरिनॉक्स आणि दोन-तीन चिनी. मग पगार वाढला तसं एकेक करून जुने मित्रांना वाटून टाकले आणि तीन भारीतले घेतले, टायटॅनियमची मूठ, पावडर स्टीलचं पातं, वगैरे. आता झालंय असं की गेल्या वर्षभरात खिशात असतो तो गावच्या जत्रेत दीडशेला घेतलेला चाकू, आणि भारीतले तिघं कपाटात. त्याचं म्हणणं, "काका, मी मागं चाललोय का? भारीतले विकू का? आणि स्वस्तातलेच घ्यायचे तर कुठले?"

तर ऐक.

मी तासगाव तालुक्यातला, द्राक्षबागवाला. चोवीस वर्षं झाली कलमं भरतोय, आधी स्वतःच्या बागेत आणि मग टोळीबरोबर दुसऱ्यांच्या, आणि टोळीतल्या सगळ्यांच्या चाकूंना धार लावायचं काम कसं कोण जाणे माझ्याकडंच आलं ते आजतागायत. म्हणजे चाकू हे माझं पोटाचं पण हत्यार आहे आणि नादाचं पण. एक वेळ अशी होती की ट्रंकेत एकेचाळीस चाकू होते. आज नऊ आहेत. त्यातला एकच भारीतला. त्यामुळं तुझ्या वाटेनं मी आधीच जाऊन आलोय असं समज.

मागं वगैरे काही चालला नाहीस. पण "शेवटी साधंच बरं असतं" असलं गुळगुळीत उत्तर मी देणार नाही, कारण ते अर्धंच खरं आहे. स्वस्त आणि भारी यात फरक असतोच, फक्त तो आपण समजतो तिथं नसतो.

माझं डोकं ठिकाणावर कधी आलं ते सांगतो. सप्टेंबरचे दिवस, डॉगरिजच्या जंगली रोपांवर कलमं भरायचं काम चालू होतं. मावसभाऊ अमेरिकेला असतो, त्यानं येताना चेक-इनच्या बॅगेतून माझ्यासाठी एक चाकू आणलेला, मीच पैसे दिलेले, सगळं धरून बावीस हजार. म्हटलं आज याच्यानंच करू, सगळ्यांना बघू दे तरी. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पाचर कलमात दोन डोळ्यांची काडी घेतात आणि तिच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूनं तिरका काप देऊन पाचर करतात, साधारण इंच-दीड इंच लांब. रोपाची काडी वरून आडवी छाटून मधोमध चिरायची आणि त्यात ही पाचर बसवायची, सालीला साल लागली पाहिजे, मग पट्टीनं घट्ट बांधायचं. सगळा खेळ त्या दोन कापांचा. काप एका ओढीत सपाट आला पाहिजे, काचेवर ठेवला तर मध्ये उजेड दिसू नये इतका सपाट.

माझ्या बावीस हजारवाल्यानं पहिली काडी कापली आणि काप आला मध्ये फुगीर. दुसरी, तशीच. धार कमी होती म्हणशील तर नाही, हातावरची लव साफ होत होती. पण पातं पाठीला साडेतीन मिलिमीटर जाड आणि धारेच्या लगेच मागं पण जाडच, त्यामुळं लाकडात शिरलं की चाकू आपोआप वर उचलायचा, काप सरळ जाण्याऐवजी कमानीसारखा वळायचा. आठ-दहा काड्या वाया घालवल्यावर टोळीचे मामा काही न बोलता आले, त्यांनी त्यांचा चाकू माझ्या हातात दिला. लोखंड कापायच्या जुन्या पॉवर हॅक्सॉच्या ब्लेडचा तुकडा, लोहाराकडनं घासून घेतलेला, एका बाजूनं पूर्ण सपाट, दुसऱ्या बाजूनं उतार, आणि मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. पहिलीच काडी अशी उतरली की पेन्सिल सोलल्यासारखी. मामा एवढंच म्हणाले, "त्यो तुजा नारळ फोडायला ठेव."

हसायला आलं तरी मुद्दा सगळा तिथंच आहे. कापतं ते स्टील नाही, कापतो तो पात्याचा आकार. स्टील ठरवतं की धार किती वेळ टिकणार आणि गंज चढणार का. पण पातं वस्तूत किती सहज शिरणार हे ठरतं धारेच्या मागच्या जाडीवर आणि कोनावर. घरी करून बघ, एक जाड गाजर घे. जाड पात्याचा चाकू अर्ध्यात गेला की गाजर 'कट्' आवाज करून पुढं आपोआप फुटतं, ते कापलं गेलं नाही, पाचर घालून फोडलं. ओपिनेलनं कापलं तर शेवटपर्यंत कापलंच जातं. ८ नंबरच्या ओपिनेलचं पातं साडेआठ सेंटीमीटर लांब, पाठीला दीड मिलिमीटरच्या थोडं वर, आणि पाठीपासून धारेपर्यंत हळूहळू निमुळतं होत जातं. व्हिक्टोरिनॉक्सचं मोठं पातं पण तसंच पातळ. तुझ्या जत्रेतल्या दीडशेच्या चाकूचं पातं मी न बघता सांगतो, पत्र्यासारखं पातळ असणार, म्हणून तर तुझा हात तिकडं जातोय. आंबा चिरायचा, खताच्या पोत्याची शिवण उसवायची, सुतळी, ठिबकची सोळा एमएमची नळी, कांदा, पार्सल. दिवसभरात आपण हेच कापतो ना? वाघ कोण मारतंय.

मग भारीतल्या कंपन्या पातं जाड का ठेवतात? माझं मत सांगतो, पटलं तर घे. घेणारा माणूस चाकू हातात घेतल्यावर पहिल्यांदा "मजबूत" वाटतो का बघतो, कापून कोण बघतंय दुकानात, आणि फोटोत तर कापून बघताच येत नाही. आणि दुसरं म्हणजे लोक चाकूनं डब्याचं झाकण उचकटतात आणि टोक मोडलं की कंपनीला शिव्या देतात. मी पण उचकटलंय, पाच लिटरच्या औषधाच्या कॅनचं झाकण. टोक गेलं. दोष चाकूचा नव्हता.

आता स्टीलकडं येऊ, कारण तुझ्या तिघांतले दोन एस-३०-व्हीचे आहेत म्हणालास. हे स्टील अमेरिकेत क्रुसिबल नावाच्या कंपनीनं २००१ च्या सुमाराला खास चाकूंसाठीच काढलं. कार्बन जवळपास दीड टक्का, क्रोमियम १४, व्हॅनेडियम ४. त्या व्हॅनेडियमचे कार्बाइड म्हणून अतिशय बारीक कडक दाणे स्टीलमध्ये तयार होतात आणि तेच धार धरून ठेवतात. चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. आमच्याकडं बेदाण्याचे पुठ्ठ्याचे बॉक्स फोडायचे आणि कापायचे असतात सीझनला, पुठ्ठ्यात धूळ-माती असते, साध्या स्टीलचा चाकू तासाभरात मरतो आणि हा भाऊ दिवसभर चालतो. पुठ्ठ्याचं काम रोजचं असेल तर पैसे वसूल.

पण धार गेली की मग गंमत. ते व्हॅनेडियम कार्बाइडचे दाणे आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या दगडापेक्षा कडक असतात, कार्बोरंडमपेक्षा पण. त्यामुळं तू दगडावर घासतोस तेव्हा दाण्यांच्या आजूबाजूचं स्टील झिजतं आणि दाणे तसेच राहतात. धार येते, पण वेळ खाते आणि मनासारखी येत नाही. त्याला डायमंडची प्लेट पाहिजे, ती पण बरी पाहिजे, चारशे रुपयातलीचे कण महिन्यात निघून जातात. उलट कार्बन स्टीलचं ओपिनेल घे, विहिरीच्या काठावरच्या दगडावर, नाहीतर चिनी मातीच्या कपाच्या बुडाला खालून जी खरखरीत कडा असते ना तिच्यावर दहा-बारा वेळा ओढ, झालं. चहा पिऊन झाला की त्याच कपावर धार. मी हे बांधावर बसून कितीतरी वेळा केलंय.

आणि यातनं एक सवय लागते ती महत्त्वाची. साध्या स्टीलचा माणूस रोज थोडी धार लावतो, दोन मिनिटं, त्यामुळं त्याचा चाकू कायम धारदार. भारी स्टीलवाला म्हणतो, टिकतेय की अजून, आणि तीन महिने बोथट चाकू घेऊन फिरतो. टोळीत बघतो ना मी, ज्याचा चाकू साधा त्याचीच कलमं जास्त लागतात, कारण तो दर पंचवीस-तीस काड्यांना धार लावायच्या चामडी पट्ट्यावर दोन हात मारतो.

एक मात्र करू नकोस. रस्त्यावरच्या फिरत्या चाकावर कुठलाच चाकू देऊ नकोस, ना स्वस्त ना भारी. ठिणग्या उडतात त्या बघायला बऱ्या वाटतात पण धारेची कड इतकी पातळ असते की क्षणात तापते, साध्या कार्बन स्टीलला दोनशे-सव्वादोनशे डिग्रीला पिवळट रंग येतो आणि तीनशेच्या आसपास निळा. निळा दिसला की समजायचं पात्याचं पाणी उतरलं, तिथं परत धार धरणार नाही, तेवढा भाग घासून काढल्याशिवाय. जुने शिकलगार असं कधी करायचे नाहीत. शिकलगार म्हणजे हत्यारं घासून-पुसून लखलखीत करणारे, आणि तुला माहीत नसेल तर सांगतो, मिरजेत आज जे सतार-तानपुरे बनवणारे प्रसिद्ध आहेत त्यांची घराणी मूळची शिकलगारांचीच. तलवारींचं काम कमी झालं तशी एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारखी माणसं वाद्यांच्या दुरुस्तीकडं वळली आणि पुढं तीच त्यांची ओळख झाली. २०२४ ला मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं. हत्यारावरचा हात तारेवर गेला. असो, भरकटलो.

कार्बन स्टीलची अजून एक गोष्ट सांगतो जी कुठल्या भारी स्टेनलेसला जमत नाही. बोर्डो, म्हणजे बुरशीसाठी वेलीवर फवारायचं मिश्रण, करताना आम्ही काय करतो, एक टक्क्याला एक किलो मोरचूद (तांब्याचं निळं मीठ), साधारण तेवढाच चुना, शंभर लिटर पाणी. चुना कमी पडला तर पानं करपतात. मग बघायचं कसं? लोखंडी विळा किंवा चाकू घासून स्वच्छ करायचा आणि मिश्रणात मिनिटभर धरायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं आहे, अजून चुना घाल. नाही चढला तर फवारायला घे. हे मी एकदा ऐटीत त्या बावीस हजारवाल्यानं करायला गेलो, पातं पांढरं स्वच्छ, म्हटलं झालं मिश्रण तयार. वडील तिथंच उभे होते, त्यांनी स्वतःचा जुना गंजका चाकू पायरीवर घासला आणि बुडवला. तांब्यासारखा लाल होऊन वर आला. स्टेनलेसवर क्रोमियमचा पातळ थर असतो तो तांबं बसू देत नाही, कारखान्यात तर स्टेनलेसवरचा तो थर नीट बसलाय का हे मोरचूदाच्या पाण्यानंच तपासतात. म्हणजे माझा चाकू इतका चांगला होता की कामाचा नव्हता. त्या दिवशी अर्धा एकर कोवळी पानं वाचली, वडिलांच्या चाकूची किंमत मला आजही माहीत नाही, त्यांना पण आठवत नव्हती.

आता खरं कारण. आकार, धार, हे सगळं झालंच, पण तुझे भारीतले कपाटात जाऊन बसलेत ते भीतीनं. तू लिहिलं नाहीस पण मला कळतंय. चाकूवर ओरखडा पडेल, हरवेल, कोणीतरी मागेल.

माझा हरवला होता. त्याच बागेत, त्याच वर्षी. दुपारी जेवायला बसलो, कांदा चिरायला काढायला गेलो तर खिशात नाही. मग काय, सगळी टोळी कामाला. ओळीनं ओळ बघितली, पाटीतलं शेणखत उपसलं, ड्रिपच्या नळ्या उचलून बघितल्या, तीन वाजले तरी कलमाला कोणी हात लावला नाही, नऊ माणसांची अर्ध्या दिवसाची हजेरी माझ्या अंगावर. शेवटी सापडला कुठं, काड्या भिजवायच्या बावीस्टिनच्या (बुरशीनाशकाच्या) बादलीत, तळाला. टोळीत एक आजी असायच्या काड्या गोळा करायला, त्यांनी विचारलं, केवढ्याचा रं? मी खरं सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "एवढ्यात दोन शेरडं आली असती की, आन ती हाक मारली तर वरडली तरी असती." संपूर्ण टोळी हसतेय आणि मी बादलीत हात घालून उभा.

त्यानंतर तो चाकू बागेत परत गेला नाही. आणि जो चाकू कामाला जात नाही त्याच्याशी आपली ओळखच होत नाही, कुठल्या कोनात तो बरा चालतो, कुठं अडकतो, हे हाताला कळायला रोज कापावं लागतं. दीडशेचा चाकू तू शेजाऱ्याला देतोस, बायको त्यानं दुधाची पिशवी फोडते, पोरगं पेन्सिलीला टोक करतं, बसमध्ये कोणी मागितला तर बिनधास्त पुढं करतोस. बावीस हजाराचा कोणी मागितला तर तूच म्हणतोस, "सांगा, काय कापायचंय, मी कापून देतो." मी पण असंच म्हणायचो. लाज वाटते आता.

आणि हे बघ, तू ज्याला स्वस्त म्हणतोस ते मुळात स्वस्त व्हावं म्हणूनच डोकं लावून बनवलेलं असतं, भारीतल्याची गरीब नक्कल नाही ती. ओपिनेल फ्रान्सच्या सॅवॉय भागातल्या जोसेफ ओपिनेलनं १८९० ला काढला तो आसपासच्या शेतकऱ्यांसाठी. लाकूड, पातं, खिळा, कडं, एवढंच सामान. ते फिरवायचं कडं तर १९५५ ला आलं, त्याआधी कुलूपच नव्हतं. व्हिक्टोरिनॉक्सचा कार्ल एल्सेनर, १८८४ ला दुकान, १८९१ ला स्विस सैन्याला चाकू दिले आणि १८९७ ला ऑफिसर चाकूची नोंदणी. आईचं नाव व्हिक्टोरिया, १९२१ ला स्टेनलेस आलं तेव्हा त्याला 'इनॉक्स' जोडलं, झालं व्हिक्टोरिनॉक्स. जपानचा हिगोनोकामी तर शाळकरी पोरांच्या दप्तरात असायचा, पत्र्याची दुमडलेली मूठ आणि एक पातं. शंभर-सव्वाशे वर्षं टिकलेल्या गोष्टी आहेत या, यांना "सुरुवातीचा चाकू" म्हणणं म्हणजे भाकरीला सुरुवातीचं जेवण म्हटल्यासारखं आहे.

पण थांब, लगेच जत्रेत जाऊन दहा आणू नकोस. स्वस्तातला वाईट चाकू हा प्रकार भारीतल्या वाईट चाकूपेक्षा लई धोकादायक असतो. माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीवर आडवा व्रण आहे, चार टाके. ऑनलाइन मागवलेला, नाव सांगत नाही, सहाशे रुपयाचा, काळं पातं, दिसायला एकदम सिनेमातला. आत पत्र्याची पट्टी सरकून पात्याला अडवते त्या प्रकारचं कुलूप, लायनर लॉक म्हणतात. शेडनेटची दोरी कापताना जरा उलटा जोर बसला आणि पट्टी सटकली, पातं सरळ बोटावर मिटलं. त्याच्यापेक्षा कुलूप नसलेला व्हिक्टोरिनॉक्स बरा, कारण त्याला कुलूप नाही हे आपल्याला ठाऊक असतं आणि बोट आपोआप सांभाळून राहतं. खोट्या कुलपावर विश्वास टाकला की बोट गेलं.

म्हणून स्वस्तातला घेताना मी काय बघतो सांगतो. उघडून बोटं पात्याच्या वाटेतून पूर्ण बाजूला ठेवायची आणि पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हळूहळू दाबायची, आपटायची नाही, दाबायची. कुलूप जरा जरी सरकलं तर परत कर. मग पातं डावी-उजवीकडं हलतं का, मिटल्यावर मुठीला घासतं का. मग कानस. नवी बारीक कानस पात्याच्या मुठीजवळच्या कोपऱ्यावर, जिथं दिसणार नाही तिथं, हलकीच फिरवायची. कानस काचेवर फिरल्यासारखी घसरली तर पाणी बरं दिलंय, लोण्यात गेल्यासारखी रुतली तर ते चमच्याचं स्टील आहे, धार लावशील आणि टोमॅटोपर्यंत पण टिकणार नाही. पात्यावर नुसतं "स्टेनलेस स्टील" छापलंय आणि कुठलं ते नाही, तर कानस हाच एक मार्ग. ८-सीआर-१३ लिहिलेले चिनी बरे निघतात, सव्वा-दीड हजाराच्या पुढचे, धार पटकन लागते. डी-२ लिहिलेले पण येतात, धार जास्त टिकते पण घामानं डाग पडतात आणि त्याला धार लावायला तुला थोडा जास्त घाम गाळायला लागेल.

आणि हे सगळं तपासायची नजर तुला आली कुठून? त्या तिघांमुळं. नीट बसलेलं कुलूप म्हणजे काय, मध्यावर मिटणारं पातं म्हणजे काय हे तुझ्या हाताला आता माहीत आहे. सहा वर्षांपूर्वीचा तू जत्रेत चमक बघून घेतला असतास. म्हणून पैसे पाण्यात गेले असं म्हणू नकोस, शिकवणीची फी म्हण, जरा जास्तच झाली एवढंच.

विकायचं म्हणशील तर दोन विक, एक ठेव. टायटॅनियमवाला, जो तू "हातात घ्यायला पण भीती वाटते" म्हणालास, तो पहिला विक. डबा, कागद, बिल असेल तर भाव बरा येतो, आणि विकायच्या आधी उगीच स्क्रू खोलून साफ करायला जाऊ नकोस, स्क्रूची डोकी खराब झाली की घेणारा लगेच हजार-दोन हजार पाडतो. एस-३०-व्हीच्या दोघांतला जो जास्त पातळ आहे तो ठेव. पार्सलं आणि पुठ्ठे त्याला दे. रोज खिशात राहू दे की नको हे तुझं तू बघ, पण ओरखडा पडू दे त्याच्यावर, पहिला पडला की बाकीच्यांचं दुःख होत नाही.

खिशात ठेवण्यावरनं आठवलं. लोक घाबरवतात की चाकू बाळगला की पोलीस धरतात. आर्म्स रूल्स २०१६ मध्ये ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याचा विषय आहे, आणि त्यातनं पण घरकाम, शेती, कारखान्यासाठी बनवलेली हत्यारं वगळलेली आहेत. तुझं सगळं तीन-साडेतीन इंचातलं. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदी-शस्त्रबंदीचे आदेश निघतात, सणावाराला, निवडणुकीला, त्या दिवसात चाकू घरी ठेवायचा, वाद घालायचा नाही. विमानात हातातल्या बॅगेत अजिबात नाही. आणि बटण दाबून फटकन उघडणारा रामपुरी छापाचा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नकोस, त्याचं कापायला काही होत नाही आणि नाव मात्र बदनाम.

कुठले घ्यायचे? दोनच सांगतो. एक व्हिक्टोरिनॉक्स, शहरात आणि ऑफिसात कोणी दचकत नाही. लहान पातं धारेला ठेव, मोठं खायच्या कामाला. दुसरा ओपिनेल ८ नंबर, कार्बनचा. साताऱ्याच्या बाजूला पाऊस जास्त म्हणून त्याचं एक आधीच सांगून ठेवतो, मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची असते आणि पावसाळ्यात फुगते, मग पातं आत अडकून बसतं, नखानं ओढून नख मोडायला होतं. तेव्हा कडं उघडं ठेवायचं आणि मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकायचं, पातं थोडं वर येतं, मग ओढायचं. तिकडं सॅवॉयमध्ये पण असंच करतात. घेतल्या घेतल्या मुठीला दोन-तीन दिवस जवसाचं तेल पाज, सांध्यात पण सोड, फुगणं बरंच कमी होतं. पात्याला खोबरेल चालतं, शेंगतेल नको, चिकट होऊन धूळ धरतं. कैरी कापलीस की पातं काळं-निळं पडेल, घासून पांढरं करत बसू नकोस, तो थर बसला की लाल गंज कमी येतो. दीडशेवाला आहेच, तो पण ठेव, गाडीच्या डिकीत.

आणि जो एस-३०-व्हीचा ठेवशील तो घेऊन फळछाटणीच्या आधी इकडं ये एखाद्या रविवारी. डायमंडची प्लेट माझ्याकडं आहे. पाण्यात घासून धारेच्या मागची जाडी कमी करू, हातानंच, म्हणजे तापायचा प्रश्न नाही. दोन-अडीच तास जातील आणि पात्याच्या बाजूची चकाकी जाईल, ते आधी सांगतोय, नंतर तोंड वाकडं करायचं नाही. झाल्यावर मामांना एक काडी कापायला देऊ.